वांदरांचा वाटा

आधी शेअर घ्यायचा आणि मग त्याची किंमत काढायची, ही माझी जुनी खोड.

यंदा घेतला ४१० रुपयांना. रात्री देवगडच्या घरी पडवीत लॅपटॉप मांडीवर घेऊन त्याचं ‘आंतरिक मूल्य’ काढायला बसलो. गुंतवणूकगुरू बेंजामिन ग्रॅहम यांचं सूत्र सोपं आहे: नफ्याच्या वाढीच्या दराची दुप्पट करा, त्यात साडेआठ मिळवा आणि शेअरमागच्या नफ्याने गुणा. नफा १२ रुपये. वाढ ५ टक्के धरली, उत्तर २२२. छे! एवढी वाईट कंपनी मी घेईन का? १० धरली, ३४२. १३ धरली आणि आले ४१४! म्हणजे चार रुपये स्वस्तातच पडला. मूल्यापेक्षा बरंच खाली घ्या, चुकीला जागा ठेवा, असं ग्रॅहम बजावून गेलेत. माझ्या चुकीला चार रुपयांची जागा होती. त्यात वडापावसुद्धा बसत नाही.

सकाळी काकांबरोबर बागेत गेलो. काका चाकरमान्यांच्या बागा कराराने घेतात. ही सत्तर कलमांची, मोहोराने नुसती लगडलेली. मालक मुंबईहून मुद्दाम आलेला. मोहोराखाली उभा राहून त्याने असा आकडा सांगितला, की माझी १३ टक्के वाढ मला एकदम सोज्वळ वाटली.

काकांनी एक तुरा हाताशी ओढून तळव्यावर झटकला. पाच-सहा तुडतुडे टणाटण उडाले.

“मोहर इलो म्हणान आंबो इलो नाय,” काका म्हणाले आणि बोटांवर मोजू लागले. इतका वाटा तुडतुड्यांचा, इतका भुरी रोगाचा, इतका अवकाळी पावसाचा. “आणि ह्यो वांदरांचो.” मालकाचा आकडा निम्म्यावर आला, तेव्हा कुठे काकांनी पिशवीतून पानाचा डबा काढला.

परतताना मी माझा शेअर सांगितला. सूत्र, नफा, वाढ, सगळं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तुझ्या कंपनीत वांदरां किती?”

घरी येऊन पहिल्यांदाच भागधारकांचा तक्ता नीट उघडला. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनीच, स्वतःचे निम्मे शेअर कर्जासाठी तारण ठेवलेले. म्हणजे वांदरं होतीच. बाग बघताना मी फक्त मोहोर बघितला होता. वाढीच्या रकान्यातले १३ खोडून ५ केले.

“काका, २२२ला घेता का?”

“घेतंय. पण वांदरां तुझ्याकडेच ऱ्हवतली.”