लाइट ऐतेन्री?

शहापुरातल्या आमच्या जुन्या घराच्या भिंती दीड हात जाड असल्यामुळे वायफाय माडीवर पोहोचेपर्यंत धापा टाकते. म्हणून मी खालच्या राउटरपासून जिन्यावरून वायर ओढून घेतली आणि लॅपटॉपला ती खुपसायला जागा नसल्याने एक यूएसबी अडॅप्टर आणला. त्यावर मोहरीएवढे दोन दिवे आहेत. वायरीच्या दोन्ही टोकांची ओळख पटली की एक स्थिर लागतो आणि माहितीची ये-जा सुरू झाली की दुसरा लुकलुकतो. जुलैमधल्या एका सकाळी बेळगावचा पाऊस कौले बडवत असताना दोन्ही विझलेले दिसले.

तक्रार केल्यावर इंटरनेटवाल्या माणसाचा कन्नडात फोन आला, "लाइट ऐतेन्री?" म्हणजे लाइट आहे का हो? आमच्याकडे मराठीत काय नि कन्नडात काय, लाइट म्हणजे वीज. "ऐतरी," असे म्हणून मी पंखाही फिरत असल्याचे अभिमानाने कळवले. तो मोहरीएवढ्या दिव्याबद्दल विचारत होता, हे उमगायला दहा मिनिटे गेली.

मग त्याच्या सांगण्यावरून लॅपटॉप घेऊन खाली देवघराशेजारी राउटरपाशी बसलो आणि हातभर लांबीची दुसरी वायर लावली. दिवा हिरवागार! ("त्यालाही हळदकुंकू लाव," आई म्हणाली.) म्हणजे अडॅप्टर निर्दोष, राउटर निर्दोष, गुन्हेगार जिन्यावरची वायर. तिचा माग काढत माडीवर गेलो, तर गळक्या कौलाखालून आदल्या रात्री आईने आणि मीच सरकवलेल्या लोखंडी कपाटाचा एक पाय बरोबर तिच्यावर विसावला होता.

कपाट चार बोटे उचलून वायर ओढून काढली आणि धावत जाऊन पाहिले, तर दिवा लागला होता, पण नारिंगी. हे रंग प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने ठरवते. माझ्या अडॅप्टरच्या चिठ्ठीप्रमाणे हिरवा म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिटचा वेग, नारिंगी म्हणजे १००चा. वायरीत आठ तारांच्या चार जोड्या असतात. हजाराला चारही लागतात, शंभराला दोन पुरतात. बाकीच्यांचे काय झाले असावे, ते कपाटालाच ठाऊक.

नवी वायर घालायची तर कपाट पुन्हा हलवावे लागेल, आणि कौले शाकारल्याशिवाय ते हलणार नाही, असा आईचा निकाल आहे. त्यामुळे सध्या नारिंगीवरच भागवतो आहे. काल पुन्हा त्या माणसाचा फोन आला, "लाइट ऐतेन्री?"

"याव लाइट्री?" कुठला लाइट, ते मी आधी विचारून घेतले.