शून्य सावली आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका

गच्चीची किल्ली हवी असेल तर आमच्या सोसायटीत अर्ज द्यावा लागतो. त्यात 'कारण' असा एक रकाना आहे. मी लिहिलं, 'शून्य सावली पाहणे.' सेक्रेटरींनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "हा तुमच्यातला सण का?"

तुमच्यातला म्हणजे ख्रिस्ती लोकांतला. विक्रोळीच्या या इमारतीत ख्रिस्ती बिऱ्हाड आमचं एकच. मूळचे नगरकडचे. घरात मराठी, उपासना मराठीत, भांडणं तर मराठीशिवाय होतच नाहीत. तरी दर दिवाळीला कोणीतरी फराळाचं ताट हातात देऊन म्हणतंच, "मराठी किती छान बोलता हो तुम्ही!" आता मी नुसतं "थँक्यू" म्हणते. वाद घालून चकल्या गार कशाला करायच्या?

तर, सण नाही, विज्ञान. आमचे चिरंजीव सातवीच्या वयाचे. त्याला घरीच शिकवतो. का, ते सांगत बसले तर वेगळा लेख होईल. भाषा आणि गणित नवऱ्याकडे, सामान्य विज्ञान माझ्याकडे, कारण मी रसायनशास्त्रातली बी.एस्सी. आणि दुपारी घरी सापडणारी व्यक्तीही मीच. सेक्रेटरींना मी समजावलं की कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या पट्ट्यात वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली जाते. मुंबई १९ अंशांवर आहे, त्यामुळे आपली पाळी मेच्या मध्यावर आणि मग जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. जुलैत मुंबईत सूर्य कोणी पाहिलाय? म्हणजे खरी संधी एकच. दिल्लीला तर ती कधीच मिळत नाही, कर्कवृत्ताच्या वर आहे ना ती. हे शेवटचं मी मुद्दाम घातलं. सेक्रेटरींना दिल्लीला न मिळणारं काहीही आवडतं.

परवानगी मिळाली, दोन अटींवर. गच्चीवर कोणताही धार्मिक कार्यक्रम करायचा नाही आणि कमिटीचा एक सदस्य पूर्ण वेळ हजर राहील.

घरी विज्ञान शिकवते म्हटलं की माणसं दोन्ही बाजूंनी घाबरतात. सोसायटीला वाटतं, मी मुलाला डार्विन शिकवत नाही. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका मावशींना वाटतं, शिकवते. मावशींचं बरोबर आहे. सातवीच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात अनुकूलन आहे, आणि अनुकूलन म्हटलं की डार्विन आलाच. मावशींनी त्यावर उतारा म्हणून जावयाकडून अमेरिकेतलं एक पुस्तक मागवून मला भेट दिलं. ख्रिस्ती कुटुंबांनी घरी शिकवायचं सामान्य विज्ञान! कागद असा गुळगुळीत की पेन्सिल घसरते. तापमान फॅरनहाइटमध्ये, पाणी औंसांत आणि एका प्रयोगाचं पहिलंच साहित्य, अंगणातला ताजा बर्फ. आम्हाला बर्फ सोडा, अंगणही नाही.

आणि त्यात पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं. हा आकडा पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, कुठेही छापलेला नाही. सतराव्या शतकात आयर्लंडचे आर्चबिशप अशर यांनी त्यातल्या वंशावळ्या आणि राजांच्या कारकिर्दी जोडत जोडत हिशेब केला आणि सृष्टीची सुरुवात इ.स.पू. ४००४ मध्ये नेऊन ठेवली. मी मावशींना लेमेत्र सांगितला. बेल्जियमचा धर्मगुरू, आणि विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ साली समीकरणांतून मांडणारा. मावशी म्हणाल्या, "कॅथलिक असेल." होता. मग मेंडेल काढला, मठाच्या बागेत वाटाणे लावून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा. "तोही कॅथलिकच ना गं?" शेवटी फॅरडे काढला. पक्का प्रोटेस्टंट, आपल्या छोट्याशा पंथाच्या मंडळीत 'वडील', म्हणजे जबाबदार ज्येष्ठ, म्हणून सेवा केलेला, १८३१ साली चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यातून वीज काढणारा. मावशी क्षणभर निरुत्तर झाल्या, मग म्हणाल्या, "पण कोणत्या मंडळीचा?"

माझा ख्रिस्ती दृष्टिकोन फार छोटा आहे. धड्याआधी एक वचन म्हणायचं आणि मग पट्टी घेऊन मोजायला बसायचं. ज्यानं केलंय त्यानं नीट केलं असेल, तर मोजायला भ्यायचं कशाला? अवघड प्रश्न मावशी किंवा सोसायटी विचारत नाही, मुलगा विचारतो. "आई, बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात सूर्य चौथ्या दिवशी झाला. मग पहिल्या तीन दिवसांची सावली कुठे पडली?" मी त्याला सांगितलं की सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टीनही तिथेच अडला होता, आणि ते दिवस कसले हे सांगणं फार कठीण आहे असं लिहून मोकळा झाला होता. चिरंजीव म्हणाले, "म्हणजे मला अर्धा मार्क तरी?"

तर गच्ची. आम्ही वर पोचलो ते प्लंबरकडून आणलेला पीव्हीसी पाइपचा दोन फुटी तुकडा, कडाप्प्याची फरशी, खडू आणि दोऱ्याला नट बांधून केलेला ओळंबा घेऊन. काका आधीच हजर. तिसऱ्या मजल्यावरचे, सरकारी खात्यातून निवृत्त, कमिटीचे सगळ्यात जुने सदस्य. सोबत घडीची खुर्ची, ताकाचा थर्मास, डायरी आणि काळी छत्री. छत्री उघडून ते पाइपाला खेटून बसले.

"काका, छत्री जरा बाजूला घ्याल का? पाइपावर सावली येतेय."

"सावलीच बघायला आलात ना, सिस्टर?"

काका मला सिस्टर म्हणतात. मी नर्स नाही आणि नन तर नाहीच; माझा नवरा रोज सकाळी त्यांच्याच बरोबर लिफ्टनं खाली उतरतो. पण ख्रिस्ती बाई म्हणजे सिस्टर, हे काकांचं एकदा ठरलेलं आहे.

छत्री वीतभर सरकली. मी ओळंबा लावून पाइप सरळ केला, मुलानं सावलीच्या टोकाला खडूची खूण केली. चायना मोझॅकवरून ऊन असं वर येत होतं की डोळे उघडवत नव्हते. काकांनी ताकाचा घोट घेतला आणि चौकशी सुरू केली.

"तुमच्यात पृथ्वी सपाट ना?"

"नाही हो काका. गोलच."

"मग त्या गॅलिलिओला का जाळलंत?"

"जाळलं नाही. खटला चालवला १६३३ मध्ये, आणि मग मरेपर्यंत घरात नजरकैद. जाळलं ते ब्रूनोला, १६०० मध्ये, रोममध्ये."

काकांनी थर्मास खाली ठेवला. "म्हणजे आणखी एक होता?"

खरं सांगायची खोड वाईट. मी घाईघाईनं म्हटलं की ते कॅथलिक चर्च, आम्ही प्रोटेस्टंट. शिवाय गॅलिलिओच्या बाबतीत चूक झाली हे पोपनी १९९२ साली मान्य केलंय.

"किती वर्षांनी?"

"तीनशे एकोणसाठ," मुलगा म्हणाला. त्याची वजाबाकी नको तिथे चोख असते.

"बरंय," काका म्हणाले. "आमच्या बाथरूमची गळती अजून कोणी मान्य करत नाही." आणि डायरीत काहीतरी लिहिलं. गॅलिलिओ की गळती, ते दिसलं नाही.

मग सफरचंद आलं. येणारच होतं.

"सफरचंदाचं तुम्ही कसं शिकवता?"

"कोणतं? न्यूटनचं का?"

"तेच. बाईनं खाल्लेलं."

मी सांगितलं की एदेन बागेच्या गोष्टीत सफरचंद नाहीच, नुसतं 'फळ' आहे; सफरचंद नंतर चित्रकारांनी वगैरे लोकप्रिय केलं. काकांना हे अजिबात आवडलं नाही. आपल्या धर्मातलं सफरचंद परस्पर काढून टाकणारी बाई उद्या सोसायटीच्या इतिवृत्तातून काय काढेल, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. "मग न्यूटनच्या डोक्यात काय पडलं?" "डोक्यात नाही, काका, झाडावरून पडताना पाहिलं म्हणतात." "बघा, तुमचं काहीच नक्की नाही."

बारा वाजले तसे काका उठले. "चला, आता सूर्य डोक्यावर. खाली सावली दिसतेय तुमची. फेल."

"बारा पस्तीसला, काका."

"सूर्य बाराला डोक्यावर येतो. लहानपणापासून येतो."

इथे मात्र मला रंग चढला. आपली घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशाची, मिर्झापूरच्या बाजूची. मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला, म्हणून सूर्य आपल्याकडे सरासरी ३९ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, मेमध्ये त्यातली तीन-चार मिनिटं कमी होतात. आणि मुंबई काही मुकाट्यानं बदलली नाही. बाकी देशानं १९०६ मध्ये नवी वेळ घेतली तरी या शहरानं आपला 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत धरून ठेवला होता. काका गप्प झाले. मग एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाले, "आमचे वडील 'जुना टाइम' म्हणायचे. गिरणीचा भोंगा कुठल्या टाइमचा यावरून चाळीत मारामाऱ्या व्हायच्या." पाच मिनिटं ते भोंग्याबद्दल बोलले आणि छान बोलले. मी मनातल्या मनात त्यांना सगळं माफ केलं. इतक्यात ते म्हणाले, "अर्थात हे सगळं आपल्या पूर्वजांना ठाऊकच होतं," आणि 'आपल्या' म्हणताना हात असा फिरवला की त्यात मी आणि माझा मुलगा सोडून सगळी विक्रोळी आली.

साडेबाराला सावली बोटाच्या रुंदीएवढी उरली. मुलगा फरशीवर पालथा पडला होता. उत्सुकतेनं आणि रोजच्या सवयीनं तो मोठ्यानं म्हणून गेला, "आकाश देवाचा महिमा वर्णिते!" बायबलमधलं स्तोत्र एकोणीस, घरी खगोलशास्त्र याच ओळीनं सुरू होतं.

डायरी उघडली गेली.

"काका, शाळेत नाही का प्रार्थना म्हणत, तसं…"

"तुम्ही चालू द्या. मी फक्त नोंद करतो."

बारा चौतीस. सावलीचा एक काळा दोरा उरला. मुलगा ओरडला, "आई, जातेय, जातेय!" आणि नेमक्या त्याच क्षणी काकांना काय जातंय ते पाहावंसं वाटलं. ते उठले, छत्रीसकट पाइपावर वाकले आणि मुंबईची अख्खी शून्य सावली छत्रीच्या सावलीत बुडाली. "कुठे? मला तर सगळी सावलीच दिसतेय," ते आतून म्हणाले. आम्ही त्यांना बाजूला करेपर्यंत पाइपाच्या पूर्वेला नवी सावली फुटलेली होती.

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर: 'काही सभासद गच्चीवर विनापरवाना धार्मिक विधी करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. पुन्हा तसे आढळल्यास कारवाई करण्यात येईल.' नाव नाही. एकोणीस बिऱ्हाडांच्या इमारतीत 'काही सभासद' कोण, हे दूधवाल्यालाही कळलं. गणपतीत दहा दिवस पार्किंगमध्ये मंडप असतो, सत्यनारायणाला स्पीकर असतो, आणि त्याला कोणाची हरकत नसते, माझीही नाही. मी वर्गणी देते, शिरा मागून खाते (मावशींना सांगू नका). पण बारा वर्षांच्या पोरानं एक ओळ म्हटली तर तो विधी! लिफ्टमध्ये एक वहिनी हळूच विचारून गेल्या, "वर किती जण जमवले होते हो?" या प्रश्नात काय काय भरलेलं असतं ते आम्हाला कळतं. तिसऱ्या वेळी त्यावर हसता येत नाही.

काल संध्याकाळी काका घरी आले, चप्पल बाहेर काढून. नातू सातवीत आहे, मोठ्या शाळेत जातो, विज्ञानात जेमतेम पास. "त्यालाही बसवा की तुमच्याबरोबर, सिस्टर. फी काय असेल ती देऊ. फक्त ते तुमचं सुरुवातीचं तेवढं वगळून."

मी चहा ठेवला. म्हटलं, शिकवलं असतं हो काका, पण बाहेरचं एक जरी मूल घेतलं तरी तो क्लास धरला जातो आणि राहत्या जागेत क्लास चालवायला कमिटीची एनओसी लागते. तो ठराव मागच्या सभेत त्यांनीच मांडला होता.