कवयित्रीचं आयुष्य आणि ‘डू ॲज डायरेक्टेड’

दहावीच्या इंग्रजी सरावाच्या कुठल्याही गठ्ठ्यात एक उतारा हमखास सापडतो. कुणातरी कवीचं चरित्र, दीडेकशे शब्दांत उरकलेलं: जन्म, शिक्षण, पुरस्कार, मृत्यू. त्याखाली ‘डू ॲज डायरेक्टेड’. व्हॉइस बदला, ‘टू’ (too) काढून लिहा, ‘नो सूनर दॅन’ वापरा. मुलं उतारा सोडून सरळ खालच्या वाक्यांवर जातात आणि त्यात त्यांची काही चूक नाही. कवी कोण होता, काय सोसत होता, हे न कळताही पूर्ण मार्क मिळतात. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवताना मला ही गोष्ट फार लागते.

सराव नको असं मी म्हणत नाही. ज्यांच्या घरात इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नाही, त्या मुलांना सराव हवाच, आणि भरपूर हवा. पण कवीचं आयुष्य घ्यायचं ठरवलंच असेल, तर व्याकरणाचे प्रश्न त्या आयुष्यातून निघाले पाहिजेत. आणि तसे निघतात. एमिली डिकिन्सन घ्या.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं ॲमहर्स्ट हे तिचं गाव. १८३० साली जिथे जन्मली त्याच घरात १८८६ साली गेली. शेवटची कितीतरी वर्षं ती क्वचितच घराबाहेर पडली. कविता मात्र लिहीत राहिली, अठराशेच्या जवळपास. त्यातल्या शेकडो तिने स्वच्छ उतरवून, कागद दुमडून, सुईदोऱ्याने शिवून त्यांच्या छोट्या वह्या केल्या होत्या. जिवंतपणी छापल्या गेल्या त्या जेमतेम दहाएक.

त्यातली एक सापावरची. १८६६ साली स्प्रिंगफील्डच्या एका वर्तमानपत्रात ती निनावी आली, आणि छापताना तिसऱ्या ओळीत एक प्रश्नचिन्ह घुसलं. एमिलीने टी. डब्ल्यू. हिगिन्सन या लेखकाला पत्र लिहून तक्रार केली: कविता माझ्याकडून हिरावून नेली, आणि वर त्या चिन्हाने तिसरी ओळ बिघडवली, तिसरी आणि चौथी ओळ एकच होती.

आता हे व्याकरण बघा. तिसरी ओळ ‘डिड यू नॉट’ या शब्दांनी संपते. ‘डिड यू नॉट’नंतर प्रश्नचिन्ह आलं की तो झाला क्वेश्चन टॅगसारखा प्रश्न: तो तुम्हाला भेटला असेल, नाही का? वाक्य तिथेच संपलं. चिन्ह काढा. तेच शब्द ‘भेटला नसेल तर’ अशी अट होऊन पुढच्या ओळीला जाऊन भिडतात, आणि साप अवचित समोर येतो. एक चिन्ह, दोन अर्थ. क्वेश्चन टॅगचे पन्नास नमुने सोडवून जे मुलाच्या डोक्यात शिरत नाही, ते इथे शिरतं, कारण इथे एका बाईला त्या चिन्हाचा राग आला होता.

ती गेल्यावर बहीण लव्हिनियाने आलेली पत्रं जाळून टाकली, तशी एमिलीची इच्छाच होती. मग तिला त्या वह्या सापडल्या. तिने त्या जाळल्या नाहीत. थर्ड कंडिशनल, म्हणजे न घडलेल्या गोष्टीची अट, शिकवायला याहून चांगलं वाक्य मला अजून मिळालेलं नाही: लव्हिनियाने कविताही जाळल्या असत्या तर... पुढचं मुलांनी इंग्रजीत पूर्ण करायचं. आणि पास्ट परफेक्ट? लव्हिनियाला वह्या सापडल्या, त्याआधीच एमिलीने त्या शिवून ठेवल्या होत्या. काळाचा क्रम मुलांना पाठ करावा लागत नाही, दिसतो.

१८९० साली पहिला संग्रह निघाला. ‘कवितांमध्ये बदल करण्यात आले’ असं पॅसिव्हमध्ये लिहिलं की विषय मिटतो. पॅसिव्ह तिथे करणाऱ्याला झाकतो. व्हॉइस बदला म्हणा, की नावं पुढे येतात: संग्रहाचे संपादक मेबल लूमिस टॉड आणि तेच हिगिन्सन. त्यांनी ओळींमधले तिचे डॅश काढले, यमकं गुळगुळीत केली, मधल्या शब्दांची कॅपिटल अक्षरं उतरवली, वर शीर्षकं दिली. त्यांना खलनायक ठरवणं मला पटत नाही. त्या पुस्तकाच्या दोनेक वर्षांत अकरा आवृत्त्या निघाल्या, आणि एमिली लोकांपर्यंत पोचली ती त्यांच्यामुळेच. पण तिचे डॅश बऱ्याच अंशी तिच्याप्रमाणे छापलेली समग्र आवृत्ती यायला १९५५ साल उजाडलं. थॉमस जॉन्सन यांनी ती केली.

काही शिक्षकमित्र म्हणतात, एवढं सांगत बसलो तर पोर्शन कधी संपवायचा? मला हा हिशेब उलटा वाटतो. व्हॉइस, क्वेश्चन टॅग, कंडिशनल, पास्ट परफेक्ट या चारही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात एकमेकींना धरून येतात, मग त्या चार सुट्या तासांत का वाटायच्या? आणि डिकिन्सनने नियम मोडले, मग आम्हीही मोडणार, असं एखादं पोर म्हणालंच तर त्याला सांगा की ती शब्दकोश सतत जवळ बाळगणारी होती. कुठला डॅश कुठे आणि का, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तर एका प्रश्नचिन्हासाठी तिने पत्र लिहिलं.

पुढच्या चाचणीसाठी उतारा निवडणार असाल, तर जन्म-मृत्यूच्या वर्षांऐवजी सापाच्या कवितेच्या पहिल्या चार ओळींची दोन्ही रूपं शेजारी शेजारी द्या, १८६६ सालचं छापील आणि तिच्या हस्तलिखितातलं. खाली प्रश्न एकच ठेवा: काय बदललं, आणि त्याने अर्थ कुठे गेला? उत्तर इंग्रजीत दोन वाक्यांत. मोडकंतोडकं असलं तरी मार्क द्या.