मोगऱ्याला सात दिवसांत कळ्या? तो मेसेज पाळण्याआधी हे वाचा

माघ लागला की तो मेसेज व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. "वसंत पंचमीला मोगऱ्याच्या कुंडीत चहाचा चोथा, केळीच्या सालींचं पाणी आणि दोन चमचे एप्सम सॉल्ट घाला. मग पंधरा दिवस पाणी तोडा. पाणी सुरू केलं की सात दिवसांत पानांपेक्षा कळ्या जास्त!" यंदा शेजारच्या काकूंनी तो शब्द न् शब्द पाळला. माहेरच्या अंगणातून आणलेला, आठ वर्षं जपलेला बटमोगरा गेला. म्हणून हे लिहायला बसले.

पाणी तोडण्यापासूनच सुरुवात करते, कारण खरा घात तिथे होतो. मुळात हा सल्ला खोटा नाही, तो शेतातला आहे. डाळिंबाला, संत्र्याला ताण देऊन, म्हणजे काही दिवस पाणी तोडून, बहार धरतात. मोगऱ्याची शेती करणारेही पाणी कमी करून झाडाला विश्रांती देतात, मग छाटणी करून खत-पाणी सुरू करतात. पण त्या झाडाची मुळं जमिनीत खोलवर ओल शोधत जातात, आणि शेतकरी रोज पानं बघून ताण कधी मोडायचा ते ठरवतो. बारा इंची कुंडीतली मुळं जाणार कुठे? पश्चिमेच्या गॅलरीत फेब्रुवारीच्या उन्हात ती कुंडी चार दिवसांत ठणठणीत कोरडी होते. त्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल तर आणखी वाईट. ते एकदा पूर्ण सुकलं की पाणी लगेच धरत नाही. वरून ओतलेलं पाणी कुंडीच्या कडेने खाली निघून जातं, आपल्याला वाटतं झाड प्यायलं, आणि आतला मुळांचा गोळा कोरडाच राहतो.

आता त्यात एप्सम सॉल्ट. हे मॅग्नेशियम सल्फेट. त्यात ना नत्र, ना स्फुरद, ना पालाश, म्हणजे झाडाचं मुख्य अन्न एकही नाही. पानाच्या हिरव्या रंगासाठी मॅग्नेशियम लागतं हे खरं, आणि त्याची कमतरता असेल तर हे उपयोगी पडतं. ती कमतरता ओळखता येते: आधी जुनी, खालची पानं शिरांच्या मधल्या भागात पिवळी पडतात. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर बहुतेक वेळा लोह कमी पडतंय, तिथे हे मीठ काही करणार नाही. कमतरता नसताना घातलं तर ते नुसतं मातीत साठतं, कॅल्शियम घेण्यात अडथळा आणतं. आणि मातीतलं पाणी आटत गेलं की क्षार आणखी तीव्र होतात, कोवळी मुळं करपतात. म्हणजे मेसेजमधल्या दोन सूचना एकमेकींचं नुकसान वाढवतात. काकूंच्या कुंडीत हेच झालं असावं, असं मला वाटतं.

चहाचा चोथा आणि केळीच्या साली यांवर फार वेळ घालवत नाही. चोथ्यात नत्र आहे, पण तो कुजल्याशिवाय झाडाला मिळत नाही. दूध-साखरेचा चोथा तसाच टाकला तर मुंग्या, बुरशी आणि बारीक माश्या तेवढ्या मिळतात. सालींच्या पाण्यात थोडं पालाश उतरतं, पण त्यावर झाडाचं पोट भरत नाही. दोन्ही कंपोस्टच्या डब्यात टाका, चांगलं खत होईल.

राहिला सात दिवसांचा मुद्दा. मोगऱ्याची कळी जुन्या फांदीला फुटत नाही, नव्या फुटव्याच्या शेंड्याला येते. त्यामुळे आधी छाटणी, मग फुटवा, मग पानं, मग कळी. माझ्याकडे छाटणीपासून पहिली कळी दिसायला पाच-सहा आठवडे जातात. शेंड्यावर बहुतेकदा तीन कळ्या एकत्र दिसतात, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. मधली थोडी मोठी असते, तीच आधी उमलते. हा सगळा प्रवास सात दिवसांत कुठलंही खत करून दाखवू शकत नाही.

मग "आम्हाला फरक पडला" म्हणणारे खोटं बोलतात का? नाही. त्यांनी बहुधा त्याच सुमारास छाटणीही केलेली असते, आणि फाल्गुनात ऊन चढलं की मोगरा तसाही फुलायला लागतो. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा, वसंत पंचमी माघातली. मधला काळ झाड स्वतः कामाला लागलेलं असतं. गेल्या वर्षी एकाच झाडाच्या दोन कुंड्या मी एकाच दिवशी छाटल्या, एकीला सालींचं पाणी दिलं, दुसरीला साधं. पहिल्या कळ्या दोन दिवसांच्या फरकाने आल्या, आणि आधी आल्या त्या साध्या पाण्याच्या कुंडीत. दोन कुंड्यांवरून काही सिद्ध होत नाही, पण माझं सालींचं पाणी तेव्हापासून बंद आहे.

झाडाला हवं ते साधं आहे. रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन. मरगळलेल्या, आत वळलेल्या फांद्या काढून बाकीच्या पानांच्या जोडीच्या जरा वर कापायच्या. मूठभर शेणखत किंवा गांडूळखत. आणि बोट मातीत पेराएवढं खुपसून कोरडं लागलं तरच, तळातून निथळेपर्यंत पाणी. ऊन नसेल, तर बाकीचं कितीही करा, पानंच येतील.

काकूंच्या झाडाचं खोड नखाने खरवडून पाहिलं, आत हिरवं कुठेच नव्हतं. पण माझ्या गॅलरीतला बटमोगरा त्यांच्याच झाडाच्या फांदीपासून झालेला आहे. पावसाळ्यात फांद्या चांगल्या जगतात. जूनमध्ये त्यांतल्या चार लावून त्यांना नेऊन देणार आहे.