हिस, खरखर आणि एकदम बदललेल्या ट्यूब : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतक्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. तुमचा मुख्य आक्षेप असा आहे, की गिटार अ‍ॅम्प्लिफायरमधल्या नको त्या आवाजाचा उगम शोधण्यासाठी एकेक ट्यूब (संकेत वाढवणारी काचेची निर्वात नळी) काढून पाहण्याची मी सांगितलेली पद्धत विनाकारण लांबलचक आहे. झिजणारा भाग ट्यूबच असल्यामुळे प्रीअ‍ॅम्पच्या, म्हणजे गिटारचा क्षीण संकेत आधी वाढवणाऱ्या भागाच्या, सगळ्या ट्यूब एकदम बदलाव्यात आणि मोकळे व्हावे. पेन्सिलीने टिचकी मारली की खराब ट्यूब लगेच कळते आणि ट्यूब काढून अ‍ॅम्प्लिफायर चालवणे धोक्याचे आहे, असेही तुम्ही लिहिले आहे. शेवटी तुम्ही जाता जाता एक निरीक्षण नोंदवले आहे : प्रीअ‍ॅम्पच्या चारही ट्यूब नव्या बसवल्यावर हिस (सतत येणारा ‘स्स्’ आवाज) थोडी कमी झाली, पण पूर्वी नसलेली खरखर सुरू झाली. मला हे निरीक्षण सगळ्यांत महत्त्वाचे वाटते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

चारही ट्यूब एकाच वेळी बदलल्यामुळे ही खरखर नेमकी कोणत्या ट्यूबने आणली, की ट्यूब काढता-घालताना एखाद्या सॉकेटची पकड सैल झाली, हे आता सांगता येत नाही. नवी ट्यूब शांत असेलच असे नाही. एकाच खोक्यातल्या दोन १२एएक्स७ (प्रीअ‍ॅम्पमधला नेहमीचा प्रकार) ट्यूबच्या आवाजात सहज ऐकू येईल इतका फरक असू शकतो. जुन्या ट्यूब टाकून दिल्या नसतील तर त्या पुन्हा बसवा, खरखर गेल्याची खात्री करा आणि मग एका वेळी एकच नवी ट्यूब घाला. जुन्या ट्यूबवरही खरखर राहिली, तर संशय ट्यूबवरून सॉकेटकडे जातो, आणि पिना व सॉकेटचे संपर्क स्वच्छ करून घट्ट करणे हे पहिले काम ठरते.

‘हिस थोडी कमी झाली’ याचा अर्थही तपासून घ्यायला हवा. १२एएक्स७ चा वर्धनांक (ट्यूब संकेत किती पट वाढवू शकते त्याचा आकडा) १०० असतो, तिच्या जागी लावता येणाऱ्या ५७५१ चा ७० आणि १२एवाय७ चा ४० च्या थोडा वर. कमी वर्धनाची ट्यूब लावली, किंवा नवी १२एएक्स७ जुनीपेक्षा किंचित अशक्त निघाली, तर हिस कमी होते, पण गिटारही तितकीच हळू वाजते. त्यामुळे तुलना करताना आधी गिटारचा आवाज दोन्ही वेळा सारखा करून घ्यावा आणि मग तारांवर हात ठेवून हिस ऐकावी. तेव्हाही फरक जाणवला, तरच नवी ट्यूब खरोखर अधिक शांत आहे असे म्हणता येईल.

टिचकीबद्दल माझे मत ठाम आहे. टिचकीने कळते ती ट्यूबची मायक्रोफोनिक प्रवृत्ती, म्हणजे आतल्या ग्रिड (संकेत घेणारी जाळी) आणि प्लेट (वाढलेला संकेत देणारा पत्रा) यांच्या हादऱ्यांचा विद्युत संकेत होणे; हिसचा त्याच्याशी संबंध नाही. शिवाय इनपुटजवळच्या पहिल्या ट्यूबमागे उरलेले सगळे वर्धन उभे असते. १२एएक्स७ ची एक पायरी (संकेत एकदा वाढवणारा टप्पा) प्रत्यक्षात साधारण ५० ते ६० पट वर्धन देते, म्हणून पहिल्या जागेवरची चांगली ट्यूबही टिचकीला थोडीफार वाजतेच. तीच ट्यूब फेज इन्व्हर्टरच्या (पॉवर ट्यूबआधीच्या शेवटच्या पायरीच्या) जागी बसवली तर बहुधा अजिबात ऐकू येणार नाही. मी तर अशा किंचित वाजणाऱ्या किंवा हिस करणाऱ्या ट्यूब फेज इन्व्हर्टरसाठी आवर्जून राखून ठेवतो.

सुरक्षिततेचा मुद्दा तुम्ही काढलात हे योग्यच झाले. चालू अ‍ॅम्प्लिफायरमधून ट्यूब ओढू नये : काच तापलेली असते आणि स्पीकरला मोठा धक्का बसतो. बंद करावे, ट्यूब निवू द्यावी, सरळ वर काढावी आणि मगच पुन्हा चालू करावे. हीटर (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारा) समांतर जोडलेले असतील, आणि बहुतेक गिटार अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ते तसेच असतात, तर प्रीअ‍ॅम्पची एखादी ट्यूब नसल्याने काही बिघडत नाही. स्पीकर मात्र कधीही सोडवू नये. आणि चॅसी (आतला धातूचा सांगाडा) उघडायची वेळ आली, तर वीजपुरवठा स्थिर करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही शेकडो व्होल्ट राहू शकतात. ते उतरवून मीटरने तपासल्याशिवाय आत हात घालू नये.

आता मूळ वादाकडे येतो. पहिली ट्यूब काढल्यावर हिस जवळजवळ नाहीशी झाली, तर दोष त्या ट्यूबचाच असे आपण लगेच धरून चालतो. पण ट्यूब काढली की तिच्या प्लेट रेझिस्टरमधला (प्लेटला वीज पुरवणाऱ्या रोधकातला) प्रवाहही थांबतो. हा रेझिस्टर बहुधा १०० किलोओमचा असतो आणि सुमारे एक मिलिअँपिअर प्रवाहाला त्याच्यावर १०० व्होल्टच्या आसपास दाब पडतो. रेझिस्टर जुन्या कार्बन कॉम्पोझिशन प्रकारचा असेल, जसे १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या फेंडर अ‍ॅम्प्लिफायरांत सर्रास असत, तर या दाबामुळे तो स्वतःच हिस आणि खरखर निर्माण करतो. म्हणजे ट्यूब काढून आपण पायरी शोधतो; त्या पायरीतला दोषी कोण, हे त्या जागी खात्रीची शांत ट्यूब लावूनच कळते. तीन चांगल्या ट्यूब लावूनही त्याच जागेवर खरखर कायम राहिलेले अ‍ॅम्प्लिफायर मी हाताळले आहे. सुरुवातीला शांत असलेले ते यंत्र तापले की तडतडू लागे, आणि लाकडी काडीने प्लेट रेझिस्टरला हलकेच ढकलले की तडतड बदलत असे. मेटल फिल्म रेझिस्टर सोल्डर केल्यावर ती थांबली. तिथे ट्यूबचे कितीही संच बदलले असते तरी उपयोग झाला नसता.

व्हॉल्यूमच्या नॉबचीही मदत घ्यावी. नॉब शून्यावर नेला की जो आवाज जातो तो त्याच्या आधीच्या पायरीतून येतो, जो राहतो तो नंतरच्या. मात्र पहिली ट्यूब काढलेली असताना ही परीक्षा फसवू शकते. नॉबमागच्या एक मेगाओमच्या पॉटचा (बदलत्या रोधाचा) सरकता संपर्क विद्युतदृष्ट्या मध्यावर असताना पुढच्या ग्रिडला सुमारे पाव मेगाओमचा रोध दिसतो, आणि त्या रोधाचा औष्णिक (उष्णतेमुळे आपोआप होणारा) आवाज दोन्ही टोकांपेक्षा तिथे जास्त असतो. मध्ये वाढून पुढे कमी होणारी ही बारीक हिस ऐकून दुसरी ट्यूब बदलण्याची घाई करू नका.

राहिला प्रश्न हिस पूर्ण जाण्याचा. ती पूर्ण जात नाही. खोलीच्या तापमानाला ६८ किलोओमचा रेझिस्टर २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात साधारण ४.७ मायक्रोव्होल्ट आवाज स्वतःहून देतो, आणि असा रेझिस्टर बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटलाच असतो. हाय गेन (खूप वर्धनाच्या) चॅनेलमध्ये तो हजारो पटींनी वाढतो. गिटारची केबल काढून आणि गेन खाली आणून हिस शांत होत असेल, आणि सोबत खरखर किंवा फटफट नसेल, तर तुमचे अ‍ॅम्प्लिफायर बहुधा निरोगी आहे. जुन्या ट्यूब परत लावून खरखर कोणत्या जागेवर सापडते ते नक्की कळवा. त्या पायरीतले प्लेट आणि कॅथोड रेझिस्टर कसे तपासायचे ते पुढच्या उत्तरात सविस्तर लिहितो.