'वास्तववादी' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

वास्तववादी भाऊ, नमस्कार.

खालीच चार ओळी लिहून मोकळा होणार होतो. पण तुमची प्रतिक्रिया पुन्हा वाचली आणि चार ओळींत भागेना, म्हणून हे वेगळं लिहितोय. ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या चंद्रपूरकडच्या खेड्यांतल्या हायस्कुलांत आठवी ते दहावीच्या पोरापोरींना लाकूडकाम शिकवावं, एवढंच मी म्हटलं होतं. आधी करवत, रंधा, पटाशी, यंत्रं नंतर, आणि पहिल्या दिवसापासून सोबत आरेखन. उदाहरणाला तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं दोरीनं ओढत नेतात तो चाकांचा लाकडी नंदी घेतला होता.

त्यावर तुमचं म्हणणं असं की, आता फर्निचर प्लायवुडचं आणि मशीनवरचं, रंधा मारतं कोण? डिझाइन कॉम्प्युटरवर शिकतात. जिथे बसायला बाक नाहीत तिथे हत्यारं कुठून येणार? पोराचं बोट कापलं तर जबाबदार कोण? आणि शेवटी नंदीच्या चाकांबद्दल एक शंका. इथवर ठीक होतं. वाद घालावा, घालायलाच पाहिजे. पण मधोमध तुम्ही हे वाक्य पेरलंत: "निवृत्त मास्तरांना स्मरणरंजनासाठी गरिबाचीच पोरं सापडतात, सुताराच्या पोराला पुन्हा रंध्यावर बसवायचं आणि त्याला शिक्षण म्हणायचं, हा बलुतेदारीचाच नवा कोर्स आहे."

आधी भाषेचं बोलू. निवृत्त आहे, मास्तर होतो, दोन्ही खरं. पण ते शिवी हासडल्यासारखं का लिहिलंत? तुम्ही मूळचे वरोऱ्याचे, आता चाकणला मॉड्युलर फर्निचरच्या कारखान्यात डिझाइनचं काम करता, हे तुम्हीच लिहिलंय. आनंद आहे. वरोऱ्याच्या बसस्टँडवर गाठ पडली असती तर "सर, चहा घ्या" म्हणाला असतात. इथे नाव झाकलेलं आहे म्हणून जीभ सैल सुटली. आणि नाव तरी काय घेतलंय, तर 'वास्तववादी'. म्हणजे वास्तव तुमच्या एकट्याच्या खिशात, बाकीचे आम्ही सगळे स्वप्नात!

आता ते बलुतेदारीचं. मला सांगता बलुतं म्हणजे काय ते? मी वाढयाच्या, म्हणजे सुताराच्या, घरचा आहे. माझा बाप गावचे वखर, डवरे, तिफणी, सगळी शेतीची अवजारं भरायचा. बंडीचं चाक मोडलं की रात्री कंदिलावर बसून आरे बसवायचा. त्याचा मोबदला कधी? तर ज्वारी निघाली की. खळ्यावर रास पडायची, घरच्यांचं मोजून व्हायचं, आणि मग मालकाच्या मनाला येईल तेवढं पायलीनं आमच्या पोत्यात. बाप बोलायचा नाही. पोत्याचं तोंड धरून उभा असायचा. मी शेजारी. त्यामुळे स्मरणाचं 'रंजन' करायला माझ्याकडे फारसं काही शिल्लक नाही, भाऊ.

आणि गंमत ऐका. त्या बापानं मला घरी रंध्याला हात लावू दिला नाही. "शिक रे बावा, नाही तं वाढईच राहशील," हे त्याचं पालुपद. मी रंधा धरला तो टेक्निकल हायस्कूलच्या वर्कशॉपमध्ये, खाकी एप्रन घालून. समोरच्या बाजूला, त्याच बाकावर, आमच्या गावच्या मालगुजाराचा नातू उभा होता. त्याची करवत रेघ सोडून वाट्टेल तिकडे जायची. माझीही जायची, कारण वाढयाच्या रक्तात करवत असते हा गैरसमज आहे. त्याच्या तळहाताला फोड आले तेव्हा त्यानं मला विचारलं, "तुझे बाबा दिवसभर हे करतात?" त्याच्या घरात हा प्रश्न त्याआधी कुणाला पडला होता का, ते तुम्हीच सांगा. त्या बाकानं मला बलुत्यात ढकललं नाही. बलुतं माझ्या एकट्याचं होतं, बाक दोघांचा होता.

तुम्हाला जो राग आहे तो ज्या गोष्टीचा यायला हवा तीही सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी नेमक्या जागी काढता येईल. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी प्राथमिक शाळेचे तास कमी केले आणि उरलेल्या वेळात पोरांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. 'कुलकल्वी', म्हणजे कुळाचं शिक्षण, म्हणून लोकांनी तिला झोडपलं आणि १९५४ मध्ये ती गुंडाळावी लागली. रास्तच झालं. तिथे कुंभाराचं पोर दुपारी चाकावर जाणार आणि वकिलाचं पोर वकिलाच्या ओसरीवर. मी म्हणतो ते नेमकं याच्या उलट आहे. शाळेच्या आत, शाळेच्या वेळात, झाडून सगळ्यांनी. कुणब्याच्या, कलालाच्या, तलाठ्याच्या, गुरुजींच्या पोरांनी, आणि पोरींनी. हा फरक तुमच्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसाच्या नजरेतून सुटावा याचं नवल वाटतं.

हे खूळ मी पेन्शनीत बसून काढलेलंही नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं नई तालीमचा, म्हणजे हाताच्या कामातून शिकवायच्या गांधीजींच्या शिक्षणाचा, अभ्यासक्रम आखला, त्यात कताई-विणाईच्या बरोबरीनं सुतारकाम होतं. वर्धा म्हणजे तुमच्या वरोऱ्याहून रेल्वेनं पोचायचं गाव. पुढे ती तालीम सरकारी शाळांत का आटली ते वेगळं प्रकरण आहे, त्यात आज शिरत नाही. आणि घरचं नको असेल तर बाहेरचं घ्या. फिनलंडच्या शाळांचे गोडवे व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येतात. त्या फिनलंडनं १८६६ पासून लोकशाळांत हस्तकाम सक्तीचं केलं. त्यांच्या पोरांना कोणी बलुतेदार म्हटल्याचं ऐकलं नाही.

आता 'डिझाइन कॉम्प्युटरवर शिकतात'. शिकत असतील. मी नंदीवर शिकवायचो. आठवीच्या पोराला शिवण झाडाच्या लाकडाची फळी द्यायची. हलकी असते, करवतीला ऐकते. आधी कागदावर नंदी काढ म्हणायचं. झकास काढतात पोट्टे. वशिंड, शिंगं, चार पाय. मग तो आकार फळीवर उतरवायचा. पोरगं काय करतं, फळी आडवी ठेवतं, म्हणजे लाकडाच्या रेषा नंदीच्या पाठीच्या लांबीनं जातात. दिसायला एकदम बरोबर. पण त्यामुळे पायांत त्याच रेषा आडव्या पडतात. चार बोटं उंचीचा पाय म्हणजे नुसती आखूड रेषांची चळत. करवत चालेपर्यंत तग धरतो, कानस लावली की कट्कन तुटतो. मग पोरगं माझ्याकडे बघतं आणि मी खिडकीबाहेर बघतो. दुसऱ्या खेपेला फळी उभी धरतं. पाय टिकतात, पण अख्खा नंदी मावेल एवढ्या रुंदीची फळी नसते. तिसऱ्या खेपेला डोकं चालतं. धड आडव्या रेषांचं, पाय वेगळे उभ्या रेषांचे, आणि दोन्ही खाच पाडून एकमेकांत बसवायचे. एका पोरीनं पुढचे दोन्ही पाय एकाच तुकड्यात कापले आणि धडाला खालून अर्ध्यापर्यंत खाच देऊन त्यावर ते बसवलं. मी सांगितलं नव्हतं. कुठल्या पुस्तकातही दाखवलं नव्हतं. लाकडानं तिला तिथवर आणलं. याला डिझाइन म्हणत नसतील तर चाकणला कशाला म्हणतात ते कळवा. तुमच्या पडद्यावर आडव्या रेषांचा नंदी आणि उभ्या रेषांचा नंदी सारखाच उभा राहतो. कोणाचाच पाय तुटत नाही, तिथेच अडचण आहे.

प्लायवुडबद्दल मात्र तुमचं एक मान्य करतो. मागच्या लेखातल्या माझ्या सामानाच्या यादीत प्लाय आणि एमडीएफ (लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी) नव्हतं. ते हवं, बाजारात तेच आहे. प्लायमध्ये पातळ थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात, म्हणून त्याचा पाय असा तुटत नाही. पण तो का तुटत नाही हे डोक्यात शिरायला आधी एक पाय हातात तुटून आलेला बरा असतो. बघा, मी पक्षपाती नाही. बरोबर असेल तिथे बरोबर म्हणतो.

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ देत नाही. हत्यारं कुठून येणार? चाकणहून पाबळ काही परदेश नाही. डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला, तिथून आठवी ते दहावीचा मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय शाळांत गेला, खेड्यातल्या शाळांत. जाऊन विचारा. बोटं कापण्याचं म्हणाल तर बोथट पटाशी जास्त कापते, कारण जोर करावा लागतो आणि ती सटकते. लाकूड व्हाइसमध्ये, म्हणजे बाकाच्या शिकंज्यात, दोन्ही हात धारेच्या मागे, आणि धार हवी तशी. मग भीती नाही. धार लावणं हाच खरा धडा आहे. पातं २५ अंशांवर घासायचं, मग तेलाच्या दगडावर टोकाला ३० अंश द्यायचे, आणि मनगट हलू द्यायचं नाही. हे यायला महिने जातात. २०२० च्या शिक्षण धोरणानं सहावी ते आठवीच्या काळात दप्तराविना दहा दिवस ठेवलेत, त्यात सुतारकामाचं नावही आहे. दहा दिवसांत मनगट स्थिर होत नाही हो. हे धोरण करणाऱ्यांनाही तुम्ही एखादी प्रतिक्रिया लिहाच, अशाच गोड भाषेत.

'रंधा मारतं कोण' म्हणता, तर हेही ऐका. २०२३ मध्ये बल्लारपूरच्या डेपोतून साग अयोध्येला गेला, मंदिराच्या दारांसाठी. ढोलताशे वाजले, फोटो झाले, आम्हीही बघायला गेलो. दारं घडवायचं काम हैदराबादकडे, हात तमिळ कारागिरांचे. लाकूड आमचं, ट्रकात चढवणारे हमाल आमचे. हे वास्तव तुमच्या त्या वादात बसतं का, बघा.

माझी स्वतःची मुलं कुठे आहेत, काय करतात, असंही विचारलंत. घरची चौकशी करायची असेल तर जेवायला या. प्रतिक्रियेत नको.

उरली चाकांची शंका. सगळ्या प्रतिक्रियेत तेवढीच कामाची होती, आणि ती विचारणारा माणूस वरचं वाक्य लिहिणाऱ्यापेक्षा मला निराळा वाटला. फांदीच्या गोल चकत्या कापून चाकं केली तर मे महिन्यात तडकतात, हे बरोबर आहे. लाकूड वाळताना वर्तुळाच्या दिशेनं जेवढं आवळतं त्याच्या साधारण निम्मंच मध्याकडे आवळतं, म्हणून चकतीला कडेपासून गाभ्यापर्यंत चीर पडते. चंद्रपूरच्या ४५ अंशांत तर पडणारच. तेव्हा चकती नको, मुरलेल्या फळीतून चाक काढा. आसाचं, म्हणजे चाकं ज्यावर फिरतात त्या दांडीचं, भोक आधी पाडा, गोल मागून कापा. उलटं केलं तर मध्य सापडत नाही आणि नंदी लंगडत चालतो. आस बाभळीचा. भोक आसापेक्षा अर्धा सूत मोठं ठेवा, कारण पोळा येतो श्रावणाच्या अमावस्येला, तेव्हा लाकूड पावसानं फुगलेलं असतं. भोक घट्ट राहिलं तर तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नंदी दारातच अडतो आणि पोरगं दोरी ओढत रडतं.