ओव्हन रिकामा करा, पास्ता करायचाय

आमच्याकडे ओटीजी हे भांड्यांचं कपाट आहे. दोन कढया, बिडाचा तवा, अप्पेपात्र आणि दिवाळीच्या शंकरपाळ्यांचा डबा, सगळं त्यात. पाककृती लिहिणारे खुशाल लिहितात, ‘ओव्हन १८० अंशांवर तापवून घ्या’. त्याआधी हा संसार हलवायचा कुठे, ते कुणी सांगत नाही. आमचा पलंगावर गेला.

लेकीचं फर्मान होतं, चीजची तार हातभर लांब आली पाहिजे. फ्रिजमधल्या क्यूबला तशी तार येत नाही. प्रोसेस्ड चीजमध्ये घातलेले क्षार प्रथिनांतलं कॅल्शियम ओढून घेतात. ते गुळगुळीत वितळतं, पण ताणत नाही. तार हवी तर मोझरेला. नवऱ्याने पाकिटावरची किंमत वाचली आणि “एवढ्यात अर्धा किलो चिकन आलं असतं” म्हणून बाहेर जाऊन बसला.

खरी परीक्षा व्हाइट सॉसची. लोण्यावर मैदा परतायचा, कच्चा वास गेला पाहिजे पण रंग बदलता कामा नये. नेमक्या त्याच वेळी सासूबाई स्वयंपाकघरात आल्या.

“अगं, खमंग होऊ दे की जरा. बेसन कसं भाजतो आपण लाडवाला?”

“आई, हा पांढराच ठेवायचा असतो.”

“मग भाजायचा कशाला?”

मी दूध ओतायला आणि बेल वाजायला एकच गाठ पडली. कुरिअरवाल्याला ओटीपी सांगून परत येते तो कढईत गुठळ्याच गुठळ्या. ऑनलाइन मागवलेला तारांचा व्हिस्क कोणत्या ड्रॉवरमध्ये आहे हे मी आठवत असताना सासूबाईंनी ताकाची रवी काढली आणि गॅस बारीक करून सॉस घुसळला. मिनिटभरात रेशीम! “पिठल्याच्या गुठळ्या मोडण्यात जन्म गेला,” एवढंच म्हणाल्या. वर माझी पाठ वळल्यावर मिरपूड-लसणावर परतलेल्या चिकनमध्ये चमचाभर मालवणी मसालाही टाकला. “नुसत्या मिरीवर? घरात कुणी आजारी आहे का?” सॉस गुलाबी झाला. इटलीत काय म्हणतील ते म्हणोत, चव सुधारली.

पास्ता पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा दोन मिनिटं आधी उतरवला, बाकीचा ओव्हनमध्ये शिजतोच. वर चीज आणि पिझ्झासोबत येणाऱ्या, आम्ही वर्षानुवर्षं जपलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या.

मग सगळं घर काचेसमोर. सासऱ्यांनी ओटीजीच्या मागचं लेबल वाचलं. “पंधराशे वॅट. तापवण्यासकट अर्धा तास. म्हणजे पाऊण युनिट.” थोड्या वेळाने, “कुकरला तीन शिट्ट्यांत झालं असतं.”

तार आली. हातभर नाही, पण लेकीच्या कोपरापर्यंत आली आणि तिथेच चिकटली. कोपऱ्यांतल्या करपलेल्या कुरकुरीत चीजवरून नवरा आणि लेक चमच्यांनी लढले. सासऱ्यांनी दोनदा वाढून घेतलं, ताट पुसून खाल्लं आणि विचारलं, “छान होतं. आता जेवायला काय?”

दहीभाताचा कुकर लावला.

सकाळी मावशी आल्या. सिंकमध्ये पातेलं, चाळणी, दोन कढया, रवी, किसणी, कुकर आणि तळाशी चीजने सिमेंट केलेलं काचेचं भांडं.

“पाव्हणे होते का ताई काल?”

“नाही हो, घरातलेच. पास्ता केला होता.”

त्यांनी काचेच्या भांड्यावर नख मारून पाहिलं.

“हे भिजू दे. सोमवारी बघू.”

त्या दिवशी सोमवारच होता.